हाताची घडी, तोंडावर बोट

मराठी शाळेत आलेलं मूल अक्षरांच्या आधी एक आज्ञा शिकतं: हाताची घडी, तोंडावर बोट. बाई फळ्याकडे वळल्या की हीच, मुख्याध्यापक दारात आले की हीच, शेजारच्या वर्गातून तक्रार आली तरी हीच. चाळीस पोरं एका खोलीत आवरायची तर याहून सोपा उपाय नाही, हे मान्य. गंमत पुढे आहे. वर्ष संपत आलं की तीच शाळा त्याच मुलाबद्दल लिहिते: 'वर्गात बोलत नाही', 'इतर मुलांत मिसळत नाही', 'आत्मविश्वास वाढवण्याची गरज आहे'. 2010 मध्ये महाराष्ट्रात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं आणि वर्णनात्मक नोंदी शिक्षकांच्या मागे लागल्या. आता तयार नोंदींच्या याद्याच मोबाईलवर फिरतात. 'अबोल आहे' हा शिक्का बहुधा त्यातूनच उचललेला असतो.

अशा नोंदीत मूल असतं, वर्ग नसतो. ते कोणत्या भाषेत बोलत नाही? कोणासमोर? उत्तर द्यायला त्याला किती वेळ मिळाला होता? मधल्या सुट्टीत तरी तोंड उघडतं का? घरी आईचं डोकं उठवणारं, गल्लीत दोघांची भांडणं सोडवणारं पोर शाळेच्या फाटकातून आत आलं की मुकं होत असेल, तर आधी शाळा तपासायची आणि मग मूल. हा क्रम उलटा कधी करायचा, तेही पुढे येईल. पण सुरुवात शाळेपासून.

आणि ही शाळेची मेहरबानी नव्हे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 29 मध्ये अभ्यासक्रम कसा असावा हे सांगताना दोन गोष्टी लागोपाठ येतात: शिकवणं शक्य तोवर मुलाच्या मातृभाषेत व्हावं, आणि मुलाला भीती, आघात व चिंता यांपासून मुक्त ठेवून त्याला आपलं मत मोकळेपणानं मांडायला मदत करावी. पंचवीस टक्के जागांच्या कलमावर कोर्टकचेऱ्या झाल्या. या कलमासाठी कोणी शाळेच्या दारात उभं राहिल्याचं ऐकिवात नाही.

पहिलीच्या वर्गातलं नागपूर

नागपूर हे एका भाषेचं शहर कधीच नव्हतं. ते वसवलं देवगडच्या गोंड राजानं, बख्त बुलंदनं. मग भोसले आले, इंग्रज आले, मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी झाली. 1956 पर्यंत हिंदी आणि मराठी मुलखांचा कारभार इथूनच चालला. त्याचा अवशेष आजही आहे: महानगरपालिकेच्या शाळा मराठी, हिंदी, उर्दू अशा माध्यमांत वाटलेल्या आहेत. पण घरं माध्यमांत वाटलेली नसतात. पाचपावलीकडच्या जुन्या हलबा विणकर घरांत आजीच्या तोंडी हलबी असते. जरीपटक्यात सिंधी, कामठीत उर्दू. हिंगणा आणि बुटीबोरीच्या कारखान्यांभोवतीच्या वस्त्यांत उत्तरेकडच्या चार राज्यांची हिंदी. वीटभट्ट्यांवर छत्तीसगडी. रामटेकच्या पुढे देवलापारकडे गेलात की गोंडी. यांतली बरीचशी मुलं सहाव्या वर्षी अशा वर्गात बसतात जिथे बाईंचं पहिलं वाक्यच त्यांना नीट कळत नाही.

अशा मुलाचं काय होतं, हे भाषाशिक्षणाच्या अभ्यासकांनी पुष्कळ तपासलं आहे. नव्या भाषेत पडलेलं लहान मूल बहुतेकदा आधी गप्प राहतं. काही आठवडे, कधी काही महिने. या काळात ते ऐकत असतं, बघत असतं, हाताखुणांनी काम भागवत असतं. हे गप्प राहणं आजार नाही, मठ्ठपणा तर नाहीच. कॅनडातले अभ्यासक जिम कमिन्स यांनी 1979 मध्ये आणखी एक फरक दाखवला. खेळण्या-भांडण्यापुरती नवी भाषा मूल साधारण दोन वर्षांत उचलतं, पण पाठ्यपुस्तकाच्या भाषेत विचार करून उत्तर द्यायला पाच ते सात वर्षं लागतात. मैदानावर फर्राटेदार हिंदी-मराठी बोलणारं पोर परिसर अभ्यासाच्या तासाला खाली मान घालून का बसतं, याचं उत्तर या फरकात आहे. शिक्षक मात्र म्हणतात, 'बाहेर तर बडबड करतो, अभ्यासातच जीभ कशी अडते?' आणि मुलावर आळसाचा आरोप होतो.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे, कारण ती मराठी मुलांचीच आहे. नागपूरच्या आसपासचं पोर शाळेत येतं ते 'मले', 'तुले', 'काहून', 'जेवून राह्यलो' घेऊन. ते म्हणतं, 'मॅडम, मले पानी प्याचं हाये.' आणि मॅडम म्हणतात, 'मले नाही, मला म्हण. पानी नाही, पाणी.' वर्ग हसतो. पोराला तहान लागलेली असते आणि त्याच्या हाती व्याकरण येतं. असं चारदा झालं की पाचव्यांदा ते पाणी मागतच नाही. मराठीतला सर्वांत जुना मोठा गद्यग्रंथ, 'लीळाचरित्र', तेराव्या शतकाच्या अखेरीस याच विदर्भात, अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला लिहिला गेला. आता मराठी भाषा विद्यापीठही तिथेच आलं आहे. त्या मुलखाच्या पोरांना त्यांची मराठी अशुद्ध आहे असं सांगण्याचा अधिकार कोणाला कुठून मिळाला, हे मला कधी उमगलेलं नाही.

प्रमाण मराठी शिकवूच नये, असं यातून निघत नाही. ती लागतेच: परीक्षेला, नोकरीच्या अर्जाला, पुण्या-मुंबईत टिकायला. प्रश्न कधी आणि कसा, एवढाच आहे. बोलण्याच्या शिक्षणात एक साधी रीत आहे: चूक न दाखवता मुलाचंच वाक्य आपल्या उत्तरात फिरवून द्यायचं. 'तुला पाणी प्यायचंय? जा, पिऊन ये लवकर.' पोराला पाणी मिळालं आणि प्रमाण रूपही कानावरून गेलं. वर्गाला हसायला काही उरलं नाही. घरची लहान मुलं बोबडं बोलतात तेव्हा आई-आजी हेच करतात. शाळेत आल्यावर मोठ्यांना ते का विसरावं लागतं, कोण जाणे.

महाराष्ट्रात या प्रश्नाकडे नीट पाहणारी व्यक्ती अमेरिकेतून आली. मॅक्सीन बर्नसन यांनी फलटणच्या बोलीचा, तिथल्या वेगवेगळ्या समाजांच्या बोलण्यातल्या फरकांचा अभ्यास केला आणि मग त्या फलटणच्याच झाल्या. दलित वस्तीतली मुलं शाळेत मागे का पडतात, हे शोधताना त्यांनी मुलांच्या घरच्या बोलीला वर्गात मान देऊन वाचन-लेखन शिकवण्याची वाट धरली. त्यांनी उभारलेल्या कमला निंबकर बालभवनात मुलांचं बोलणं हाच अभ्यासाचा कच्चा माल असतो.

गोंडीच्या बाबतीत परिस्थिती याहून कठीण. 2011 च्या जनगणनेत गोंडी मातृभाषा सांगणारे जवळपास तीस लाख लोक आहेत, तरी ती आठव्या अनुसूचीत नाही आणि महाराष्ट्रात तिच्यासाठी वेगळं माध्यम नाही. गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यात मोहगावच्या ग्रामसभेनं 2019 मध्ये आपल्या बळावर गोंडीतून शिकवणारी शाळा सुरू केली. तिला मान्यता नाही म्हणून शिक्षण विभागाची नोटीस आली. मातृभाषेतून शिकवा म्हणणारा कायदा आणि मान्यता मागणारा कायदा एकच आहे, हे विशेष.

एक सेकंद

आता भाषेचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवू. समजा, वर्गात सगळे एकच भाषा बोलतात. तरीही ठरलेली सात-आठ मुलंच उत्तरं देतात आणि बाकीची भिंतीला टेकलेली असतात. असं का?

मेरी बड रो या अमेरिकन अभ्यासिकेनं 1970 च्या सुमारास वर्गांतल्या संवादाच्या ध्वनिफिती ऐकून एक मोजमाप केलं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तराची वाट किती वेळ पाहतात? सरासरी एक सेकंदाच्या आसपास. तेवढ्यात हात वर आला नाही की दुसऱ्याला विचारायचं, नाही तर उत्तर स्वतःच सांगून टाकायचं. मग तिनं शिक्षकांना तीन सेकंद थांबायला शिकवलं. उत्तरं लांब झाली, 'माहीत नाही' कमी झालं. मुलं एकमेकांच्या बोलण्याला उत्तर देऊ लागली आणि एरवी मंद समजली जाणारी पोरंही बोलायला लागली. खर्च शून्य. साहित्य शून्य. प्रशिक्षणही फारसं नाही. फक्त तीन सेकंदांची शांतता सहन करायची, आणि आपल्याकडच्या वर्गात तीच सर्वांत अवघड. आपल्याकडे प्रश्न विचारला की 'होऽऽ मॅडम' असा एकसुरी गजर अपेक्षित असतो. त्या गजरात न बोलणारं मूल छान लपून जातं, आणि वर्ग 'हुशार' दिसतो.

हिशेबच मांडून पाहा. तास पस्तीस मिनिटांचा, मुलं चाळीस. बाई एक शब्दही बोलल्या नाहीत आणि प्रत्येकाला आळीपाळीनं संधी दिली, तरी एकेकाच्या वाट्याला बावन्न सेकंद येतात. त्याऐवजी 'शेजारच्याला सांग' असं म्हटलं की दोन मिनिटांत प्रत्येक मूल एक मिनिट बोललेलं असतं. गलका होतो, हे खरं. तो गलका ऐकून शेजारच्या वर्गातले सर येतील, हेही खरं. पण चाळीस जणांसमोर उभं राहून बोलण्याआधी एकाशी बोलून घेतलेलं मूल पुढच्या वेळी हात वर करतं. ज्याला वर्गाची भाषा पुरती येत नाही त्याला शेजारी घरच्या भाषेत समजावतो, हा आणखी एक फायदा. म्हणून बाकावर कोणाशेजारी कोण, हे हजेरीपटाच्या क्रमानं ठरवू नये.

2015 मध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा सरकारी कार्यक्रम आला आणि साताऱ्याच्या कुमठे बीटचं अनुकरण करत राज्यभर जिल्हा परिषद शाळांच्या फरशा रंगल्या. गोल करून बसणारी मुलं, जमिनीवर आखलेले तक्ते. कुमठ्यातला गाभा असा होता की मुलं एकमेकांशी बोलत शिकतात. अनेक ठिकाणी रंग पोचला, गाभा वाटेत राहिला. गोलात बसूनही मुलं बाईंच्याच तोंडाकडे बघत असतील तर ती गोल आकाराची रांगच.

कोण कोणाशी खेळतं

बोलणं फक्त शिक्षकाशी नसतं. मुलाचं खरं जग मधल्या सुट्टीत असतं. खिचडीच्या रांगेत कोण कोणाशेजारी बसतं, डब्यातली भाजी कोण कोणाला देतं, लंगडीत कोणाला 'तू नको' म्हटलं जातं. जात, पैसा, कपडे, बोली, सगळं तिथे दिसतं. साताऱ्याच्या शाळेत लहानग्या आंबेडकरांना वर्गात वेगळं बसावं लागे, हे आपण सांगतो आणि तो इतिहास समजतो. दीक्षाभूमीच्या शहरात तरी शिक्षकांनी खिचडीच्या पंगतीकडे एकदा नीट पाहायला हरकत नाही.

शिकागोतल्या बालवर्गाच्या शिक्षिका व्हिव्हियन पेली यांनी यावर एक नियम काढला आणि 1992 मध्ये त्याच नावाचं पुस्तक लिहिलं: 'तू खेळायचं नाहीस' असं कोणाला म्हणायचं नाही. नियम लागू करण्याआधी त्यांनी मोठ्या वर्गांतल्या मुलांना विचारलं. मुलं म्हणाली, नियम न्याय्य आहे, पण चालणार नाही. लावायचाच तर अगदी लहानांपासून लावा. मोठी मुलं नेमकं बोलली. चौथीपर्यंत गट घट्ट झालेले असतात. पहिलीत ते अजून ओले असतात.

मोठ्या मुलांसाठी वेगळा मार्ग लागतो. 1971 मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या शाळांत गोऱ्या, काळ्या आणि मेक्सिकन वंशाच्या मुलांना पहिल्यांदाच एकत्र बसवलं गेलं आणि वर्गांत मारामाऱ्या सुरू झाल्या. तिथले मानसशास्त्रज्ञ इलियट ॲरन्सन यांनी 'एकमेकांवर प्रेम करा' असं व्याख्यान दिलं नाही. त्यांनी धड्याचे तुकडे केले. सहा मुलांचा गट, प्रत्येकाकडे धड्याचा एकच भाग, आणि परीक्षा मात्र सगळ्या धड्यावर. एका गटात इंग्रजी अडखळणारा एक मुलगा आपला भाग सांगताना चाचरू लागला आणि बाकीचे चिडवू लागले. तेव्हा त्यांना एवढंच सांगण्यात आलं की त्याचा भाग त्याच्याशिवाय कोणालाच माहीत नाही आणि परीक्षा थोड्या वेळात आहे. चिडवणं थांबलं. मुलं त्याला नीट प्रश्न विचारू लागली, आणि तो बोलू लागला. त्याची भाषा एका दिवसात सुधारली नव्हती. ऐकणाऱ्यांना त्याची गरज पडली होती. आपल्या शाळांत गटकाम म्हणजे हुशार मुलगी लिहिते आणि पाच जण नाव घालतात. ॲरन्सन यांच्या रीतीतून आपल्याला शिकण्यासारखं खूप आहे.

नागपूरकरांना हीच गोष्ट मैदानावर पाहायला मिळाली. 2001 मध्ये हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी पावसात फुटक्या बादलीला लाथा मारत खेळणारी झोपडपट्टीतली पोरं पाहिली. त्यातून झोपडपट्टी फुटबॉल, पुढे 'स्लम सॉकर' उभं राहिलं. 2016 मध्ये त्याला फिफाचा विविधता पुरस्कार मिळाला, 2022 मध्ये नागराज मंजुळेंचा 'झुंड' आला. चित्रपटात न आलेला भाग असा की या संस्थेनं ब्रिटनमधल्या एका संस्थेबरोबर कर्णबधिर मुलांसाठीही फुटबॉलचा कार्यक्रम चालवला. बधिरांच्या फुटबॉलमध्ये पंच शिट्टीबरोबर झेंडाही हलवतो. एवढ्या लहानशा बदलानं मैदान खुलं होतं. शाळेच्या पीटीच्या तासालाही तो करता येतो, त्यासाठी शासन निर्णयाची वाट पाहायला नको.

आता मूल तपासा

वर्ग बदलला, वेळ दिला, भाषा ओळखली, शेजारी बदलला, आणि तरीही मूल बोलत नाही. आता क्रम उलटा करायचा. खरं तर एक तपासणी पहिल्याच महिन्यात करावी: कान. सर्दी-पडशानं पडद्यामागे पाणी साचलेलं किंवा वर्षभर कान वाहणारं मूल शब्द अर्धवट ऐकतं. मागच्या बाकावर बसलं तर तेही नाही. असं मूल 'लक्ष देत नाही' म्हणून वर्षानुवर्षं मार खातं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 मध्ये महाराष्ट्रातूनच, पालघरहून, सुरू झाला. त्याचं पथक सरकारी आणि अनुदानित शाळांत वर्षातून एकदा आणि अंगणवाडीत दोनदा येतं, आणि ऐकण्या-बोलण्याच्या अडचणी त्याच्या यादीत आहेत. पथक येतं त्या दिवशी शिक्षकांनी 'सगळं ठीक आहे' म्हणत रांग पुढे ढकलू नये. शंका असलेलं मूल हात धरून डॉक्टरांपुढे उभं करावं. पुढची तपासणी आणि उपचार जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात मोफत होतात.

तोतरेपणा हा वेगळा विषय. लहानपणी शंभरात सुमारे पाच मुलं केव्हा ना केव्हा अडखळतात. बहुतेकांचं आपोआप जातं, मोठेपणी शंभरात एखाद्याचं राहतं, आणि त्यांत मुलगे जास्त. 'हळू बोल', 'श्वास घे आणि मग सांग' हे सल्ले प्रेमानं दिले जातात, पण त्यांनी मुलाला एवढंच कळतं की आपलं बोलणं सगळ्यांच्या नजरेत आलंय. वाक्य पुरं करून देऊ नका, नजर हटवू नका, थांबा. प्रकट वाचनाच्या वेळी त्याला दुसऱ्या मुलाबरोबर एकत्र वाचायला द्या. सोबत वाचताना अडखळणं बऱ्याचदा कमी होतं. 'तारे जमीं पर' नंतर घरोघरी डिस्लेक्सिया हा शब्द पोचला. तोतऱ्या पात्राला हसायची सवय मात्र आपल्या चित्रपटांची आणि नाटकांची अजून सुटलेली नाही.

घरी मोकळं बोलणारं आणि शाळेत महिनोन्महिने एक शब्दही न उच्चारणारं मूल हट्टी असतं, असा समज जुना आहे. 1934 मध्ये स्विस मानसोपचारतज्ज्ञ ट्रॅमर यांनी त्याला जे नाव दिलं, त्यातही मूल गप्प राहणं स्वतः निवडतं असा अर्थ होता. ते नाव 1994 मध्ये बदललं, आणि 2013 पासून अमेरिकन मानसोपचार वर्गीकरणात ही अवस्था चिंताविकारांत मोडते. मूल बोलत नाही कारण भीतीनं घसा बंद होतो. 'बोललीस तर चॉकलेट' ही लाच आणि 'बोलली नाहीस तर बाहेर उभी राहा' ही शिक्षा, दोन्ही भीती वाढवतात. उपयोगी पडतं ते हे: शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात आईनं मुलीशी खेळावं, बोलावं. काही दिवसांनी बाईंनी दारात येऊन उभं राहावं, मग आत, मग खेळात. मधल्या काळात मान हलवून, बोट दाखवून, लिहून दिलेलं उत्तर पूर्ण उत्तर मानावं.

स्वमग्न मुलांबाबत थोडंच सांगतो. बोलणं आणि संवाद एक नव्हे. चित्रकार्डांनी मागणी करायला शिकवण्याची पद्धत 1985 मध्ये अमेरिकेत निघाली. मुंबईच्या आयआयटीत तयार झालेलं 'जेलो' हे मोफत ॲप हेच मोबाईलवर करतं, मराठीतही. 'माझ्याकडे बघून बोल' हा आग्रह मात्र सोडा. खाली बघूनही माणूस खरं बोलू शकतो.

कागदपत्रांचं एक सांगितलंच पाहिजे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत आणि त्यांत 'वाचा व भाषा' हाही आहे. पण त्याची व्याख्या स्वरयंत्र काढल्यानं किंवा मेंदूच्या आघातानं आलेल्या कायमच्या अपंगत्वाभोवती फिरते. तोतरं मूल, शाळेत घसा बंद होणारं मूल, भाषा न कळल्यानं गप्प बसलेलं छत्तीसगडी मूल यांच्यातल्या बहुतेकांना या रकान्यातून काही मिळत नाही. प्रमाणपत्र नाही म्हणून सवलत नाही, सवलत नाही म्हणून दखल नाही. यांची सगळी मदार वर्गातल्या एका शिक्षकावर असते.

विदर्भात उन्हामुळे शाळा उरलेल्या महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. जुलै-ऑगस्टमध्ये पहिली पालकसभा होते आणि पालक एकच विचारतात: अभ्यास कसा आहे? या वर्षी दुसरा प्रश्न विचारून पाहा: 'आमचं पोर वर्गात कोणाशी बोलतं?' शिक्षकांना नाव सांगता आलं तर निर्धास्त घरी जा. नाही सांगता आलं, तर पुढच्या सभेची वाट न पाहता त्याच आठवड्यात पुन्हा शाळेत जा आणि मुलाचा शेजारी बदलून मागा.